घनश्यामशेठची पगारी टीम

आंजीच्या थोडं पुढे, आर्वी रोडवर, भर सकाळी धोतर-सदऱ्यातला एक माणूस छत्री आडवी धरून रस्त्याच्या मधोमध उभा आहे. समोर काळीपिवळी जीप अडकून पडली आहे. जीपच्या आत, मागे लोंबकळून आणि टपावर माणसं बसलेली आहेत. आणि तो माणूस ड्रायव्हरला म्हणतो आहे, "खाली उतर. पोरीइची माफी माग."

हे दृश्य ज्यांनी पाहिलं नाही, त्यांना आमचे घनश्यामशेठ कळणं कठीण आहे.

ड्रायव्हरचा गुन्हा एवढाच, की त्याने मागून हॉर्न वाजवला होता.

"शेठजी, हॉर्न नाई वाजवू त काय करू? साइड पायजे ना मले!"

"साइड पायजे त सबुरीनं माग. घरी आईबहिणीच्या मांगं जाऊन भोंगा वाजवतं काय? माह्या पोरी ड्यूटीवर हायेत."

"कायची ड्यूटी?"

"सायकलीची!"

टपावरची माणसं खो-खो हसली. आम्ही चौघी रस्त्याच्या कडेला सायकली धरून उभ्या होतो, अंगात पोपटी सॅटिनचे झगमगते सदरे, माना खाली. आत बसलेल्या एका म्हातारबांची वर्ध्याला कोर्टात तारीख होती. ते काकुळतीला येऊन ड्रायव्हरला म्हणाले, "माग ना बाप्पा माफी, तुह्या बापाचं काय जाते?" शेवटी ड्रायव्हर उतरला, आमच्याकडे न बघताच "चुकलं बाई" म्हणाला आणि गाडी घेऊन गेला. शेठजींचं तेवढ्याने थोडंच समाधान होणार!

"तोंड पाडून मागतली त्यानं माफी," छत्री मिटत ते म्हणाले. "हे आपल्याले मंजूर नाई."

"हे आपल्याले मंजूर नाई" हे त्यांचं वाक्य आंजीतल्या लहान पोरांनाही पाठ होतं. जगातल्या बहुतेक गोष्टी शेठजींना मंजूर नव्हत्या. रेडिओवर हवामान सांगताना कोकण आधी आणि विदर्भ सगळ्यात शेवटी, हे त्यांना मंजूर नव्हतं. लग्नाच्या पंगतीत नवरदेवाकडच्यांना आधी वाढायचं, हे मंजूर नव्हतं. एकदा तर नवरीकडून नुसतंच आहेराला गेलेले शेठजी भर मांडवात पानावरून उठून उभे राहिले होते आणि वाढप्याच्या हातातली बुंदीची परात धरून म्हणाले होते, "ज्याची पोरगी जाऊन राह्यली त्याले पहिले वाढ." कोणी पाय दाबतोय आणि शेठजी डोळे मिटून सुखाने पडले आहेत, असं मी त्यांना कधी पाहिलं नाही. हा माणूस चिडायला म्हणून सकाळी उठायचा.

आंजीच्या बाजार चौकात त्यांचं कापडाचं दुकान होतं. आजोबा कधीकाळी मारवाडातून आले म्हणे. पण शेठजींची मारवाडी फक्त काकीजींशी, म्हणजे त्यांच्या बायकोशी, भांडताना बाहेर पडायची. बाकी सगळा राग ते आमच्यासारखाच वऱ्हाडीत काढायचे. माझे बाबा त्याच दुकानाच्या ओट्यावर शिलाई मशीन टाकून बसत. त्यामुळे शेठजींचा आवाज मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले आहे. आम्ही पोरी त्यांना काकाजी म्हणायचो.

हा भला माणूस सायकलीच्या भानगडीत पडला त्याला कारण मीच. गोष्ट नव्वदच्या दशकातली. पंधरा ऑगस्टला आमच्या शाळेत सायकलच्या शर्यती होत्या. मुलांसाठी फाट्यापासून शाळेपर्यंत सुसाट शर्यत. मुलींसाठी काय, तर 'स्लो सायकलिंग'. म्हणजे मैदानात आखलेल्या पट्ट्यात जी सगळ्यात हळू जाईल, पाय न टेकता सगळ्यात शेवटी पोचेल, ती पहिली! दरवर्षी असंच असे आणि आम्हालाही त्यात काही वावगं वाटत नसे. त्या वर्षी पहिली मी आले. बक्षीस प्लास्टिकची साबणदाणी. आणि बक्षीस द्यायला पाहुणे घनश्यामशेठ.

साबणदाणी हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, "कशी जिंकली वं तू?"

"सगळ्याइच्या मांगं राह्यली म्हून," मी म्हणाले.

शेठजींचा चेहरा बघता बघता लाल झाला. त्यांनी मास्तरांच्या हातातला माइक ओढून घेतला.

"आयका! पोट्ट्याइले पुढं गेल्याचं बक्षीस, आन पोरीले मांगं राह्यल्याचं बक्षीस! हे कोणं काढलं?"

हेडमास्तर हात जोडत म्हणाले, "शेठजी, तो तोल सांभाळण्याचा खेळ आहे. त्यात कौशल्य असतं."

"मंग पोट्ट्याइले काऊन नाई शिकवत ते कौशल्य? माह्या दुकानासमोर रोज दोघं तिघं आपटतात!" आणि मग त्यांनी झेंड्याकडे हात करून जाहीर केलं, "हे आपल्याले मंजूर नाई. उद्यापासून पोरीइची टीम निंगन. रोडवर. पुढं जाणारी!"

एवढं बोलून ते तरातरा निघून गेले. रागाच्या भरात माझी साबणदाणी त्यांच्या सदऱ्याच्या खिशातच गेली. ती मला कधीच मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी खरंच त्यांनी बाबांच्या मशीनशेजारी बसकण मारली. "शोभीले टीममध्ये घेतलं," ते माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. बाबा हो-नाही करायला लागले. पोरीची जात, मोठा रस्ता, लोक काय म्हणतील, सगळं म्हणून झालं. शेठजी म्हणाले, "फुकट नाई घेत. पगार देतो. दुकानावर पोरी कामाले ठेवतो ना मी? तशीच ही. काम सायकल चालवाचं."

ही त्यांची टीम. इतर गावांतल्या सायकल चालवणाऱ्या पोरी हौशी, आमच्या पोरी नोकरीवर! ते प्रत्येकाला सांगायचे, "पगारी लेडीज टीम हाये आपली. अख्ख्या देशात दुसरी नसन." असेल-नसेल, शोधायला कोण जातंय! नोकरी म्हटल्यावर नोकरीचे सगळे नियम आले. परीक्षेसाठी रजा मिळे. हळदीकुंकवासाठी मिळत नसे. दिवाळीला बोनस. उशीर झाला की ताकीद. सुनंदा नावाची आमची एक मैत्रीण टीममध्ये होती, तिला बघायला पाहुणे आले म्हणून ती एक दिवस आली नाही. शेठजी तिच्या घरी जाऊन पाहुण्यांसमोरच विचारते झाले, "ड्यूटीच्या टायमाले येता काय तुम्ही?" ते स्थळ गेलं. सुनंदाच्या आईने महिनाभर त्यांच्या दुकानातून पोलक्याचा कपडा घेतला नाही. सुनंदा मात्र खूश होती.

पोपटी सॅटिनचं तर विचारूच नका. शेठजींनी कधीतरी एका बँडपथकाच्या ऑर्डरीसाठी तो तागा आणला होता. बँड बुडाला, तागा उरला. आमचा युनिफॉर्म त्याचाच. बाबांनी शिवला. हाफपँटवरून दोघांची जुंपली. बाबा म्हणाले, पायघोळ सलवार. शेठजी म्हणाले, चेनमध्ये अडकून पोरगी मेली तर जबाबदार कोण? शेवटी गुडघ्याच्या खाली येईल आणि घोट्याच्या वर राहील, असं काहीतरी बाबांनी शिवलं. त्याला आजपर्यंत नाव नाही. आम्ही निघालो की चौकातली पोरं ओरडत, "बँड आला, बँड!" शेठजी मोपेडवरून मागे येत असत. ते थांबायचे, त्या पोरांच्या बापाचं नाव विचारायचे आणि संध्याकाळी बापाकडे जायचे.

खुराकाची जबाबदारी काकीजींकडे होती. त्यांना एकच शक्तीचा पदार्थ माहीत, डिंकाचे लाडू. रोज सकाळी त्या एकेक लाडू आमच्या हातावर ठेवायच्या आणि नवऱ्याकडे बघत म्हणायच्या, "स्वतःच्या पोटाले पोर नाई, आन लोकाइच्या पोरीइचं बाळंतपण करून राह्यले." गावात बोभाटा झाला की शेठ कुवार पोरींना बाळंतिणीचे लाडू चारतो. माझ्या आजीने मला बाजूला घेऊन खोदून खोदून प्रश्न विचारले. मला इतका संताप आला! अजूनही येतो. चार पोरी पहाटे उठून सायकल चालवतात, घाम गाळतात, आणि गावाला काळजी कसली, तर लाडू कसला!

मी, सुनंदा आणि ज्योती अशा आम्ही तिघी होतो. चौथी बेबी उईके. ती टीममध्ये आपणहून आली नाही, तिला शेठजींनी रस्त्यावर पकडली. एकदा बाजाराच्या दिवशी ते मोपेडवरून खरांगण्याकडून येत होते आणि मागून एका खटारा सायकलवर गवताचे भारे लादलेली एक पोरगी त्यांना ओलांडून गेली. चढावर! शेठजींना ते अर्थातच मंजूर नव्हतं. त्यांनी मोपेड पिळली. पोरीने मागे वळून पाहिलं, एक म्हातारा छत्री हलवत, ओरडत आपला पाठलाग करतोय म्हटल्यावर ती आणखी जोरात सुटली. आंजीच्या बाजारात गवत टाकून ती आपल्या आईमागे लपली, तेव्हा कुठे शेठजी पोचले. मोपेड बंद पडली होती, ती ढकलत.

"बाई, ही पोरगी तुमची?"

"हाव. काय केलं तिनं?"

"काई नाई केलं. करन आता."

बेबीचं घर जंगलाच्या कडेच्या पाड्यावर होतं. घरी गोंडी बोलत, आमच्याशी आमच्यासारखं. ती बोलायचीच कमी. केस कमरेच्या खाली, आणि त्यांची तिला फार अपूर्वाई. सायकलवर मात्र ती एकदा निघाली की तिच्या मागच्या चाकाकडे बघत राहणं एवढंच आमच्या हाती असे.

तिच्यामुळे आम्ही जिंकायला लागलो. आणि जिंकायला लागलो तसे शेठजी जास्तच चिडायला लागले, कारण आता अन्याय जवळून दिसू लागला. शेजारच्या जिल्ह्यात एक शर्यत होती. मुलांमध्ये पहिला आला त्याला रेसिंग सायकल. मुलींमध्ये बेबी पहिली आली. तिला प्रेशर कुकर.

शेठजी स्टेजवर चढले. "पोट्ट्याले सायकल आन पोरीले कुकर काऊन?"

बिल्ला लावलेले एक गृहस्थ हसत म्हणाले, "मुलींना संसारात उपयोगी पडेल असं काही द्यावं, हा विचार केला."

"तुमचा हा पहिला नंबर घरी जेवत नाई काय? संसार नाई करत काय तो?" आणि शेठजींनी तो कुकर उचलून त्या पहिल्या आलेल्या पोराच्या कडेवर मूल द्यावं तसा दिला. "घे. वरण शिजवजो." तो पोरगाही साधा होता. "माही माय खूश होईन," म्हणाला आणि कुकर आणि सायकल दोन्ही घेऊन गेला.

परत येताना टेम्पोत शेठजींची छाती फुगली होती. बेबी हळूच म्हणाली, "काकाजी, कुकर चांगला होता. माह्या मायले पायजे होता."

शेठजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी ते वर्ध्याला जाऊन त्याहून मोठा कुकर घेऊन आले आणि बेबीपुढे आदळत म्हणाले, "हे बक्षीस नोहे. हा पगारही नोहे. हा निषेध हाये, समजली? मायले तसं सांगजो."

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं सांगते आहे, तिच्याकडे येते.

त्या हिवाळ्यात वर्ध्याहून आर्वीपर्यंत मोठी शर्यत ठरली. पत्रकात छापलं होतं, पुरुष आणि महिला, वर्धा ते आर्वी. आमचाच रस्ता! रोजचा, पायाखालचा. आम्ही महिना-दोन महिने दुसरं काही बोलतच नव्हतो. आणि शर्यतीच्या सकाळी, सायकली रांगेत लागल्यावर, आयोजकांच्या अध्यक्षांनी माइकवरून सांगितलं, "महिलांची शर्यत आंजी येथे समाप्त होईल. भगिनींच्या प्रकृतीचा विचार करून हा निर्णय घेण्यात आला आहे."

प्रकृतीचा विचार! आमची प्रकृती कोणी विचारली होती? बेबी जिथून आली होती तो पाडा आंजीच्या कितीतरी पुढे होता. ती तिथून बाजाराला भारे घेऊन यायची आणि परत जायची. मी आज मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि अजूनही कोणी माइकवर 'भगिनी' म्हटलं की माझ्या कपाळाची शीर उठते. पुढे काहीतरी काढून घेतलं जाणार, हे मला माहीत असतं.

आम्ही शेठजींकडे पाहिलं. आता ते माइक ओढणार. पण ते ओरडलेच नाहीत. मोपेड ढकलत आमच्यापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "आंजीले फीत बांधली असन. थांबाचं नाई."

"बाद करतीन काकाजी," ज्योती म्हणाली.

"करतीनच. जिले थांबाचं तिनं थांबा, मी कोणाले जबरदस्ती नाई करत. बक्षीस नाई भेटनार, टाळ्या नाई भेटनार. पगार भेटन." मग बेबीकडे बघून, "तू थांबू नको."

बेबी मान हलवून "हाव" म्हणाली.

आम्हाला पुरुषांच्या आधी सोडलं. दुतर्फा तूर उभी होती, कापूस वेचणाऱ्या बाया शेताच्या धुऱ्यावर येऊन बघत होत्या. आंजीत ही गर्दी! ओट्यावर मशीन सोडून उभे असलेले बाबा मला दिसले. फीत दिसली. बेबीने ती छातीने तोडली आणि तशीच पुढे गेली, सॅटिनवर फितीचा तुकडा फडफडत. टाळ्या सुरू झाल्या होत्या, त्या अर्धवट राहिल्या. मी आणि ज्योती तिच्यामागे. सुनंदाच्या भावाने मात्र धावत येऊन तिचं हँडल धरलं. ती भर चौकात त्याच्या अंगावर ओरडली, तो आवाज आम्हाला चौक ओलांडेपर्यंत ऐकू येत होता.

शिट्ट्या, आरडाओरडा. "ए पोरीओ, संपली शर्यत!" मागून शेठजींचा भोंगा, "कोण म्हणते संपली? चला!"

खरांगण्याच्या चढावर ज्योतीच्या पोटरीत गोळा आला आणि ती उतरली. तिथून पुढे पुरुषांतले पहिले आम्हाला गाठायला लागले. त्यांच्या सायकली हलक्या, महागड्या होत्या, आमच्यासारख्या जड नव्हत्या. एकजण मला ओलांडताना हसून म्हणाला, "घरी जा ना ताई." मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. पण बेबीला ओलांडून फार थोडेच जाऊ शकले. मी मागे पडत गेले तरी लांबवर ती पोपटी पाठ दिसत राहिली, पांढऱ्या-निळ्या बनियनांच्या मध्ये.

आर्वी जवळ आली होती. तेव्हा मागून आयोजकांची एक मोटारसायकल माझ्या बाजूने गेली. मागे बिल्ला लावलेला त्यांचा एक माणूस बसला होता. ती बेबीच्या शेजारी गेली, आणि त्या माणसाने हात लांब करून तिचं हँडल धरलं. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. तिला थांबवायला त्याने हँडल धरलं, आणि ती सायकलसकट उताणी डांबरावर गेली.

नंतर त्या लोकांनी सगळ्यांना सांगितलं, मुलीचा तोल गेला. दमली होती, म्हणाले. म्हणूनच आम्ही अंतर कमी ठेवलं होतं, असंही म्हणाले! एवढा निगरगट्टपणा मी त्याआधी पाहिला नव्हता. नंतर बराच पाहिला.

शेठजी कितीही ओरडले असते तरी मला नवल वाटलं नसतं. ते मोपेड टाकून आले, खाली बसले, बेबीचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं, आणि एक शब्द बोलले नाहीत. बेबीच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. मी शेवटी एक टेम्पो थांबवला आणि आम्ही तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं.

पुढे कसं झालं तेही सांगून टाकते. शेठजींनी वर्षभर त्या आयोजकांना सुखाने झोपू दिलं नाही. कुणी चूक कबूल केली नाही. पण पुढच्या हिवाळ्यात पत्रक निघालं त्यात महिलांची शर्यत आर्वीपर्यंत होती, आणि ती खरंच आर्वीपर्यंत झाली. कोणाच्या सांगण्यावरून, याचा उल्लेख नव्हता. बेबी तीत पहिली आली. टीम अजून काही वर्षं चालली. मग आमची लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या. बेबी वनखात्यात लागली, आता जंगलात गस्त घालते. शेठजी दोन हजार सालानंतर थकले, दुकान पुतण्याने घेतलं.

पण ते चिडके घनश्यामशेठ मला आधी आठवत नाहीत. मला आठवतो तो दवाखान्यातला दिवस.

पडल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. बायकांचा वॉर्ड. बेबीचा हात गळ्यात बांधलेला, सलाइन लागलेलं. तिचे ते लांब केस माती, खडी आणि वाळलेल्या रक्ताने चिकटून त्यांची दोरखंडं झाली होती. सिस्टर म्हणाल्या, "विंचरून बांधून टाका गं, नाहीतर कापावे लागतील." हाड मोडलं तेव्हा बेबी रडली नव्हती. हे ऐकून तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिची आई अजून पोचली नव्हती. मी कंगवा घेतला, पण मला ते जमेना. ओढलं की ती कळवळायची.

शेठजी दाराशी स्टुलावर बसले होते. ते उठून आले.

"सरक, शोभे."

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीकडून त्यांनी खोबरेल तेलाची बाटली मागून घेतली. तळहातावर तेल घेतलं, केसांची टोकं हातात धरली आणि खालून सोडवायला सुरुवात केली. एकेक गुंता. वर मुठीत केस घट्ट धरून, म्हणजे मुळाला ओढ बसू नये. मध्येच बोटाने खडा काढून सदऱ्याच्या खिशात टाकत. वॉर्डातल्या साऱ्या बाया बघत होत्या. धोतरातला एक म्हातारा शेठ उईक्यांच्या पोरीची वेणी घालतोय! ते कोणाकडे बघत नव्हते.

बऱ्याच वेळाने बेबी म्हणाली, "काकाजी, तुम्हाले कसं येते हे?"

"येते."

"कोणं शिकवलं?"

"कोणं नाई." त्यांनी आणखी एक गुंता सोडवला. "माय गेली तवा दोघी बहिणी लहान होत्या. शांती आन गीता. दोघीइच्या वेण्या घालून शाळेत मीच नेऊन सोडो. शांती पळे, भल्ली पळे. रिबिनी सुटून जात."

"मंग?"

"मंग बाबूजीनं शाळा सोडवली. लग्न लावून देलं. लहानच होती."

"तुम्ही काई बोलले नाई?"

शेठजींचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

"नाई," ते म्हणाले. "मोठा होतो मी. बोलता आलं असतं." तीन पेड पाडून ते वेणी घालू लागले. "गीता हाये तिकडं. शांती नाई. पयल्या बाळंतपणात गेली."

शेजारची म्हातारी तोंडात काहीतरी पुटपुटली. वेणी पुरी झाली, शेवटी बांधायला काही नव्हतं. त्या म्हातारीनेच आपल्या उशाशी ठेवलेला पट्टीचा तुकडा काढून दिला. शेठजींनी त्याने गाठ मारली, वेणी उचलून बेबीच्या चांगल्या खांद्यावरून पुढे ठेवली.

दुपारी बेबीची आई आली. शेतातून तशीच आली असावी, पायांना माती होती. शेठजी झटकन उठून उभे राहिले आणि त्यांनी तिला हात जोडले. "बाई, मीच म्हटलं होतं, थांबू नको."

तिने लेकीकडे पाहिलं. हात पाहिला, मग वेणीवरून बोटं फिरवली.

"कुठलोक गेली?" तिने विचारलं.

"आर्वीच्या वेशीलोक," मी म्हणाले.

"बाप्पा!" ती म्हणाली, आणि कौतुकाने की कशाने, हसली. मग शेठजींकडे बघून, "वेणी तुम्ही घातली? मले वाटलं शोभीनं. शेठजी, पोरगी पडते, उठते. तुम्ही काऊन रडून राह्यले?"

"कोण रडून राह्यलं?" शेठजी एकदम उसळले. "हा पंखा पाहा! नुसता कचरा उडवते डोळ्यात! दवाखान्यात असे पंखे लावतात काय?"

थंडीचे दिवस. पंखा बंदच होता. आम्ही सगळ्यांनीच वर पाहिलं. बेबीची आई बाकावर थोडी सरकली आणि शेजारच्या जागेवर तिने पदराने धूळ झटकली.

"बसा," ती म्हणाली.

शेठजी थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग बसले.